पुढची तारीख

माझ्या कपाटाच्या वरच्या कप्प्यात एक परकर घडी घालून ठेवलेला होता. खादीचा, निळसर, दहा वर्षांच्या मुलीच्या मापाचा. आमच्या वर्ध्याच्या हौशी नाटकाचा कपडेपट म्हणजे हा परकर आणि चार धोतरं. प्रयोग ठरला होता शनिवारी, 28 मार्च 2020 ला.

नाटक सेवाग्रामचं. ऑगस्ट 1946 मध्ये गांधीजी आश्रमातून बाहेर पडले, ते परतलेच नाहीत. फेब्रुवारी 1948 मध्ये ते येणार होते. रचनात्मक कार्यकर्त्यांची बैठक तिथंच भरायची होती. 30 जानेवारीनंतर ती पुढे गेली. मार्चमध्ये भरली तेव्हा नेहरू आले, विनोबा आले. ज्यांची वाट पाहिली ते मात्र नव्हते. माझ्या नाटकात आश्रमाचं अंगण सारवणारी एक मुलगी आहे, माझ्या कल्पनेतली. ती दिसेल त्याला विचारते, "बापू कई येतीन?"

तालमी एका शाळेच्या वर्गात चालत. रात्री आठला बाकं भिंतीशी सरकवायची, खडूनं कुटीचा उंबरठा आखायचा. बाहेर उन्हाळा चढत होता, सेवाग्रामकडच्या रस्त्याला पळस पेटला होता. रंगीत तालीम चार दिवसांवर असताना नाट्यगृहं बंद झाली. फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलेली प्रयोगाची तारीख आम्ही पुसली नाही. महिन्याभरात पडदा उघडेल, असंच सगळ्यांना वाटत होतं.

आमचं दुःख लहानच. शंभरावं नाट्यसंमेलन त्याच मार्चमध्ये सांगलीत सुरू व्हायचं होतं, जिथं 1843 मध्ये विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' उभं केलं तिथं. ते लांबत लांबत जानेवारी 2024 मध्ये पिंपरी-चिंचवडला पार पडलं. पण थोरलं घर जळतं म्हणून आपल्या झोपडीची धग कमी होत नाही. रात्री आठ वाजले की मी उगाच चपला घालायचो.

मुलीची भूमिका करणारी पोर दर रविवारी फोन करायची. "काका, नाटक कई होईन?" मी म्हणायचो, पुढच्या महिन्यात. 5 नोव्हेंबर 2020 ला, रंगभूमी दिनी, निम्म्या आसनांवर नाट्यगृहं उघडली. आमच्यातले दोघं तेव्हा कापसाच्या वेचणीत, एक हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये रात्रपाळीला. माणसं जमेपर्यंत एप्रिल आला आणि पुन्हा कुलूप लागलं. त्या उन्हाळ्यात फोन थांबले. पोर रागावली नव्हती. तिनं विचारणं सोडून दिलं होतं.

हे मला कळायला दीड वर्ष लागलं. माझ्या संहितेत शेवटी बातमी येते, मुलगी रडते आणि दीड पानाचं स्वगत बोलते. लिहिताना ते मला फार खरं वाटलं होतं. तेव्हा मी वाट पाहण्याविषयी लिहिलं होतं, वाट पाहिलेली नव्हती. वाट पाहणारं माणूस भाषण करत नाही. एक दिवस ते विचारायचं थांबतं आणि हातातलं काम करत राहतं. मी स्वगत काढून टाकलं. आता दुसऱ्या अंकात मुलगी "बापू कई येतीन?" हे वाक्य शेवटचं बोलते, आणि त्यानंतर पडदा पडेपर्यंत एक शब्दही नाही. ती अंगण सारवते. इतकी वर्षं मी संवाद लिहिण्याचा अभिमान बाळगला. या नाटकातली सगळ्यात चांगली जागा मात्र मुकी आहे, आणि ती त्या पोरीनं मला दिली.

22 ऑक्टोबर 2021 ला नाट्यगृहं पुन्हा उघडली. पहिल्या तालमीला ती आली तेव्हा दारात मी तिला ओळखलं नाही. वीतभर उंच झालेली, आवाज खाली उतरलेला. मंडळींनी दुसरी मुलगी पाहू म्हटलं. मी ऐकलं नाही. नाटकातली मुलगी बारा वर्षांची केली. परकर तिच्यापुढे धरला, तर ती हसून म्हणाली, "काका, हा तर मले आखूड होते."

तिच्या आईनं खालची दुमड उसवली. चार बोटं कापड निघालं. घडीच्या आत राहिल्यामुळे ते अजून नव्या निळ्या रंगाचं आहे. उजेडात ती पट्टी दिसते. दिसू द्यायची आहे.