शेवटचे कडवे

बाबांना जाऊन वर्ष झाले, तेव्हा आम्ही सगळी भावंडे मनमाडच्या घरी जमलो. सकाळी विहारात वंदना व परित्राणपाठ झाला, दुपारी भोजनदान झाले, वस्तीतल्या चार जुन्या माणसांनी कालकथितांविषयी दोन शब्द सांगितले. रात्री पाहुणे पांगले आणि घरची तेवढी माणसे उरली. सतरंज्या गोळा करायच्या होत्या, पण कोणी उठेना. तेवढ्यात पुतण्याने माळ्यावरून बाबांच्या कॅसेटचा डबा खाली काढला.

बिस्किटांचा पत्र्याचा डबा तो. त्यात चाळीस-पंचेचाळीस कॅसेट. काहींची फीत बाहेर येऊन गुंता झालेली, काहींवर बाबांच्या अक्षरात नावे, काही कोऱ्या. बरीचशी खरेदी सहा डिसेंबरची. दरवर्षी चैत्यभूमीवर जाऊन आले की शिवाजी पार्कच्या स्टॉलवरून बाबा तीन वस्तू आणत : एखादे पुस्तक, पुढच्या वर्षाचे कॅलेंडर आणि एक कॅसेट. पुस्तकाला घासाघीस नाही, कॅसेटला मात्र करायचे.

आमच्यातला थोरला दादा म्हणाला, "बाबांना रडत बसण्यापेक्षा असं करू. प्रत्येकानं आपलं सगळ्यात जिव्हाळ्याचं एक गाणं सांगायचं. एक म्हणजे एकच. दुसरं तोंडातून निघालं की बाद."

हे सोपे वाटते, पण करून पाहा. ज्या घरात गाण्याशिवाय एक जयंती गेली नाही, एक बारसे झाले नाही, त्या घरात एक निवडायचे म्हणजे सगळ्या लेकरांतून एकाला जवळ घेण्यासारखे.

दादाने स्वतः वामनदादांचे ते कोटी कुळांचे गाणे सांगितले. याला कोणाचाच विरोध नव्हता. कोणी त्याला नवीन विचार करायलाही सांगितले नाही. वामनदादा कर्डक आपल्या नाशिक जिल्ह्यातले, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. १५ ऑगस्ट १९२२ चा जन्म. मुंबईत कामगार म्हणून राबले, मोठेपणी अक्षरओळख करून घेतली, रस्त्यावरच्या पाट्या वाचून वाचन पक्के केले आणि पुढे हजारो गाणी लिहिली. १५ मे २००४ ला ते गेले. त्यानंतर महिना-सव्वा महिन्यातच, २३ जूनला, प्रल्हाद शिंदे गेले. त्या वर्षी बाबा म्हणाले होते, "एकाच पावसाळ्याच्या तोंडाला लिहिणाराही गेला आणि गाणाराही."

वहिनी नागपूरच्या. त्यांनी नागोराव पाटणकरांचे नाव घेतले, मग थांबल्या आणि म्हणाल्या, "नाही, माझं विठ्ठल उमपांचं धरा." कोणते, ते त्यांना सांगता येईना. त्यांना एखादे गाणे नव्हे, त्यांची ती वर चढत जाणारी तान आठवत होती. २६ नोव्हेंबर २०१० ला नागपुरात दीक्षाभूमीवर कार्यक्रम सुरू असताना उमप कोसळले आणि गेले. वहिनींचे माहेरचे लोक त्या दिवशी तिथे होते. दादा नियमावर बोट ठेवू लागला, "गाणं सांगायचं, तान नाही." पण बायकोपुढे त्याचा नियम फार वेळ टिकला नाही.

धाकट्या बहिणीचे यजमान मुलुंडचे. ते म्हणाले, "माझी पाळी सोडा." आग्रह केल्यावर सांगू लागले. शाहीर विलास घोगरे मुलुंडच्याच झोपडपट्टीत राहणारे. यांनी तरुणपणी त्यांना मोर्चात, गेटमीटिंगला गाताना ऐकलेले. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई कॉलनीत पोलिसांच्या गोळीबारात आपली दहा माणसे मारली गेली. त्यानंतर चार दिवसांनी घोगऱ्यांनी आपल्या झोपडीत जीवन संपवले. "त्यांचं गाणं मला सगळ्यात आवडतं आणि तेच मला ऐकवत नाही," ते म्हणाले. मग कोणी काही बोलले नाही. आईने उठून सगळ्यांना पाणी दिले.

पुतण्याने वातावरण हलके केले. त्याच्या फोनवर सगळेच होते. छत्रपती संभाजीनगरच्या कडुबाई खरात एकतारीवर गातात ते लावले, मग आदर्श शिंदे लावला. प्रल्हाददादांचा हा नातू. आजोबा, मुलगा, नातू अशा तीन पिढ्या आपल्या घराघरांत गायल्या आहेत. डीजेवरून मात्र थोडी वादावादी झाली. जयंतीला डीजेने खिडकीच्या काचा हादरतात आणि शब्द एकही कळत नाही, असे आमचे म्हणणे. पोरे नाचतात तर नाचू द्या, असे त्याचे. खरे सांगायचे तर आम्हीही त्याच्या वयात बँडपुढे नाचलो आहोत आणि तेव्हा बाबा असेच म्हणत होते.

आत्या कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली होती. ही बाबांची थोरली बहीण, एक्क्याऐंशी वर्षांची. तिला विचारले तर म्हणाली, "माझं पल्लादचं." कोणतं? तिने सांगितले ते पंढरीच्या वाटेवरचे!

खोली गप्प झाली. ज्या आजोबांनी घरातले देव गोणीत भरून नदीला दिले, त्यांची ही लेक. दादा म्हणाला, "आत्या, बावीस प्रतिज्ञा पाठ आहेत ना तुला?"

"तुझ्याआधी पाठ केल्यात," आत्या म्हणाली. "पंढरी नको मला. त्याचा आवाज पाहिजे. त्यानं त्याच आवाजात बाबासाहेब गायला, तेव्हा तू ऐकत होतास ना? तो गळा काय दोन होता?"

प्रल्हाददादांनी पोटासाठी विठ्ठलही गायला, कव्वालीही गायली, भीमगीतेही गायली. चूक की बरोबर, हा वाद आपल्या पुष्कळ घरांत झाला असेल. आमच्या घरातही तो त्या रात्री मिटला नाही. दादाने यादीत लिहिले, "आत्या : प्रल्हाद शिंदे," आणि गाण्याची जागा कोरी ठेवली.

आत्याने मग जात्यावरच्या ओव्यांचा विषय काढला. बाबासाहेबांवरच्या ओव्या तिने पाठोपाठ चार म्हटल्या, एकीतही अडखळली नाही. पुण्याच्या हेमा राईरकर व गी पॉटवँ यांनी खेडोपाडी फिरून एक लाखावर ओव्या गोळा केल्या, त्यात भीमरायाच्या ओव्याही आहेत. आमच्या आत्यापर्यंत कोणी पोचले नाही. दोष त्यांचा नाही, आम्ही घरातलेच कधी वही घेऊन तिच्यापुढे बसलो नाही.

राहिली आक्का. ती म्हणाली, "माझं ते बाबांचं. गाडीचं."

आम्ही सगळ्यांनी खाली पाहिले. त्याचे कारण आता सांगायला हवे.

बाबा रेल्वेच्या इथल्या इंजिनिअरिंग वर्कशॉपमध्ये होते, जिथे पुलांचे गर्डर तयार होतात. दिवसभर कानाशी लोखंड वाजायचे आणि रात्री बाबा पेटी घेऊन बसायचे. वस्तीत पाच-सहा जणांची गायन पार्टी होती. पेटी बाबांची, ढोलकीला शेजारचे काका, बाकीचे कोरसला. जयंती, लग्न, नामकरण, पुण्यानुमोदन, बोलावतील तिकडे जायचे. बिदागी म्हणजे चहा आणि येण्या-जाण्याचे भाडे. बाबासाहेब जलशांना फार मानत. आपल्या दहा सभांचे काम भीमराव कर्डकांचा एक जलसा करतो, असे त्यांनी म्हटल्याचे जुनी माणसे सांगत. बाबा ही गोष्ट प्रत्येक कार्यक्रमाच्या आधी सांगायचे, बहुधा स्वतःलाच.

१९८८ साली बोनसच्या पैशांतून घरात टू-इन-वन आला. त्यावर एका रात्री पार्टीची सात-आठ गाणी भरली. खिडक्या बंद करून, आम्हा मुलांना श्वास सुद्धा हळू घ्यायला लावून! त्यात ते गाडीचे गाणे होते. कॅसेटच्या मागच्या कडेला दोन बारीक कड्या असतात. त्या मोडल्या की त्या कॅसेटवर दुसरे काही भरले जात नाही. बाबांनी स्क्रू-ड्रायव्हरने त्या मोडल्या आणि म्हणाले, "आता हे राहिलं."

दोन वर्षांनी आम्हाला रेडिओवरची सिनेमाची गाणी भरायची होती आणि कोरी कॅसेट घ्यायला पैसे नव्हते. मोडलेल्या कड्यांच्या जागी चिकटपट्टी लावली की कॅसेट पुन्हा भरता येते, हे आमच्यातल्या एकाला वर्गात कळले होते. कोणाला, ते इथे लिहीत नाही. चिकटपट्टी एकाने आणली, लावली दुसऱ्याने आणि बटण तिसऱ्याने दाबले. आक्का तेवढी सासरी होती.

बाबा ड्यूटीवरून आले, हातपाय धुतले आणि कॅसेट लावली. पहिले गाणे सिनेमाचे लागले. त्यांनी ते पूर्ण ऐकले. मग उलटी बाजू लावून थोडे ऐकले, बंद केले आणि आईला म्हणाले, "वाढ." आम्हाला एक शब्द बोलले नाहीत. मारले असते तर बरे झाले असते. त्यानंतर ते वीस वर्षे गायले, पण रेकॉर्डर पुढे ठेवला की पेटी मिटायचे.

ती कॅसेट त्या रात्री डब्यात सापडली. चिकटपट्टी पिवळी पडलेली. पुतण्याने कुठून तरी चालू टेपरेकॉर्डर आणला. दुसऱ्या बाजूला रेडिओची गाणी संपल्यावर शेवटी जरा फीत जुनीच राहिली होती. त्यात पेटीचा एक सूर, बाबांचे खाकरणे आणि ढोलकीवर एक थाप. बस. एवढेच. आम्ही ते किती वेळा लावले याची मोजदाद नाही.

मग आक्काने ते गाणे म्हटले. गाणे आहे ६ डिसेंबर १९५६ च्या रात्रीचे. दिल्लीहून बातमी येते. खलाशाचा नवरा असलेली एक बाई भाकरी थापत असते; तो भाकरीला हात न लावता निघतो आणि मिळेल त्या गाडीला लोंबकळून दादरला जातो. दुसऱ्या कडव्यात ती दारात चिमणी घेऊन प्रत्येक गाडीची शिट्टी मोजते. तिसऱ्यात तो परत येतो. बोलत नाही. पायाला समुद्राची ओली वाळू असते, ती तो धुऊ देत नाही. शेवटी ती विचारते, एवढा जाऊन आलास, आमच्यासाठी काय आणलेस?

आणि चौथे कडवे आक्काला येत नाही.

या चौथ्या कडव्यात दोन गोष्टी आहेत. एक, त्याने काय आणले. दुसरी, गाणे कोणाचे. कारण आपल्या गाण्यात कवीचे नाव शेवटच्या कडव्यात येते. वामनदादांचे असेल तर तिथे 'वामन' असणार. बाबांचे असेल तर बाबांचे नाव असणार. बाबांच्या वहीत ते कडवे नाही; मागची पाने वाळवीने खाल्ली आहेत. आणि वहीत असते तरी खात्री नव्हती, कारण बाबा दुसऱ्यांची गाणी उतरवताना कधी कधी शेवटचे कडवे सोडून देत.

सकाळी ढोलकीवाल्या काकांना बोलावले. ते म्हणाले, "गाणं वामनदादांचंच. तुझ्या बाबानं नाशिकहून ऐकून आणलं. आणि तो धम्म घेऊन येतो, दुसरं काय आणणार?" काकांच्या म्हणण्याला आधार आहे. ७ डिसेंबरला दादरला चितेसमोरच भदन्त आनंद कौसल्यायन यांनी जमलेल्या लोकांना धम्मदीक्षा दिली होती. गेलेले लोक दुःख घेऊन गेले आणि बौद्ध होऊन परतले.

आत्या ऐकत होती. ती म्हणाली, "आमचे बाबा गेले होते दादरला. भाकरी तव्यावर टाकून. मी बारा वर्षांची, तुमचा बाप आठ. तिसऱ्या दिवशी आले. आईनं विचारलं हे खरं. पण त्यांनी काहीच आणलं नव्हतं. हात रिकामे होते. नुसते बसून राहिले."

म्हणजे गाण्यातली बाई आमची आजी असू शकते. किंवा नसेल. त्या रात्री अशा भाकरी किती तव्यांवर राहिल्या असतील!

वामनदादांचे 'वाटचाल' आणि 'मोहळ' आम्ही पाहिले, त्यात हे गाणे नाही. पण त्यांची हजारो गाणी. सगळी पुस्तकांत कुठली येणार? त्यांतली कितीतरी आजही कोणाच्या ना कोणाच्या वहीत आणि गळ्यात आहेत. आक्काला दोन्हीकडून आनंदच आहे असे ती म्हणते, पण काका वामनदादांचे नाव घेत होते तेव्हा तिने पदर तोंडाशी नेला, हे आम्ही पाहिले.

म्हणून हे लिहिले. मनमाड, नांदगाव, येवला, इगतपुरी, भुसावळ या पट्ट्यातल्या गायन पार्ट्यांत १९७० ते १९९० च्या काळात कोणी गात असेल, किंवा कोणाच्या आईवडिलांना हे गाणे येत असेल, तर शेवटचे कडवे या साप्ताहिकाच्या पत्त्यावर अवश्य कळवावे. चाल संथ आहे, मधे गाडीच्या ठेक्यासारखी ढोलकी येते. अर्धवट आठवत असेल तरी चालेल. नाव वामनदादांचे निघाले तरी कळवा.