जंगलातला सतराचा पाढा

गल्लीत क्रिकेट खेळताना सगळ्यात जास्त वेळ कशात जातो? बॅटिंगमध्ये नाही आणि बोलिंगमध्येही नाही. तो जातो, "आउट आहे!" "हॅट्, बॅटला लागलाच नाही!" या भांडणात. आमच्या शाळेच्या मैदानावर मधल्या सुट्टीत रोज हेच चालतं, आणि निवाडा करायला मुलं शेवटी 'बाईं'कडे, म्हणजे माझ्याकडे येतात. म्हणूनच गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत डेन्मार्कमधल्या एका जंगलात जे पाहिलं, त्यावर माझा विश्वासच बसेना.

दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा तलवार उगारून ओरडत धावत आला. समोरच्या मुलीची तलवार त्याच्या पोटाला जेमतेम टेकली. लगेच त्याने एक गिरकी घेतली, "आऽऽऽ" केलं आणि धाडकन पडून मेला! तिथे पंच नव्हता, शिट्टी नव्हती, बाईही नव्हत्या. त्याचं त्यानेच ठरवलं, मला लागलं, मी मेलो. मग एक डोळा किलकिला करून त्याने नाकावरची मुंगी झटकली आणि तो पुन्हा मेला.

मी तिथे कशी पोचले ते सांगते. डेन्मार्क हा युरोपच्या उत्तरेकडचा छोटा देश. महाराष्ट्राचे सात तुकडे केले तर त्यातल्या एका तुकड्याएवढा. तिथलं दुसऱ्या क्रमांकाचं शहर ऑर्हूस. माझी ताई आणि भाऊजी नोकरीनिमित्त तिथे राहायला गेले, सोबत त्यांचा अकरा वर्षांचा मुलगा. पुण्यात असताना हा माझा भाचा वर्गातला एक नंबरचा बडबड्या! पण तिथे गेल्यावर त्याचं तोंडच मिटलं. डॅनिश भाषा मोठी विचित्र. लिहितात एक, बोलतात भलतंच, निम्मी अक्षरं तर गिळूनच टाकतात. आपण चुकलो तर मुलं हसतील, या भीतीने तो शाळेत एक शब्द बोलायचा नाही. "घरी आला की खोलीचं दार लावून घेतो गं," ताई फोनवर सांगायची आणि तिचा आवाज कापायचा. शेवटी त्याच्या वर्गशिक्षिकेनेच सुचवलं, "याला रोलेस्पिलला पाठवून पाहा."

रोलेस्पिल म्हणजे सोंगाचा खेळ. आपल्या कोकणातल्या दशावतारात नट लिहिलेलं नाटक पाठ करत नाहीत, सोंग घेऊन उभे राहतात आणि सुचेल तसं बोलतात. तसंच काहीसं. फरक एवढाच, की इथे प्रेक्षक कुणीच नसतात. जे आले आहेत ते सगळे खेळात. मला सुद्धा बघत उभं राहू देईनात. "तुम्ही वाट चुकलेल्या म्हातारीबाई व्हा," असं म्हणून अंगावर एक गोधडीवजा शाल टाकली. मी पस्तिशीची आहे हो! पण म्हटलं, असू दे.

ऑर्हूसच्या दक्षिणेला समुद्राच्या कडेने मार्सेलिसबोर्गचं जंगल पसरलंय. बीच नावाची उंचच उंच झाडं, गुळगुळीत राखाडी बुंध्यांची. मे महिन्यात त्यांना इतकी कोवळी पालवी असते, की खालचा उजेडसुद्धा पोपटी दिसतो. त्या उजेडात तीस-चाळीस मुलं कुणी सरदार, कुणी चेटकीण, कुणी भटका व्यापारी होऊन हिंडत होती. कपडे सगळे घरचेच. पडद्याचा झगा, आजोबांचा पट्टा, चादरीची कफनी. तलवारी मात्र खास. आत फायबरची काठी, वर जाड फोम आणि त्यावर लॅटेक्सचा, म्हणजे रबराच्या चिकाचा थर. लांबून अगदी लोखंडी दिसतात, पण लागल्या तर उशी मारल्यासारखं वाटतं. तरीही डोक्यावर वार करायचा नाही, हा नियम पक्का. हातापायाला लागलं तर तो अवयव निकामी. अंगाला लागलं तर मरायचं, मनात शंभर आकडे मोजायचे आणि मग पुन्हा उठायचं.

खेळाची प्रमुख होती अठरा वर्षांची एक मुलगी. ती माझ्या भाच्यापाशी आली, खाली बसली आणि इंग्रजीत म्हणाली, "आमच्याकडे ऑर्क लोकांची टोळी आहे. हिरव्या तोंडाचे राक्षस. त्यांना माणसांची भाषा येत नाही. त्यांची स्वतःची भाषा असते, पण ती कशी बोलायची हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नाही. तुला येईल?"

भाच्याने माझ्याकडे पाहिलं. मी (म्हातारीचा आवाज काढून) म्हटलं, "बोल की रे मेल्या!"

तोंडाला हिरवा रंग फासून त्याला एका ओढ्याच्या काठावर उभं केलं. ओढ्यावर आडवं पडलेलं झाड, तोच पूल. पाच ऑर्कांनी तो राखायचा. थोड्या वेळाने चार सरदार आले. भाचा पुढे झाला आणि सहा महिन्यांत पहिल्यांदाच त्या मुलांसमोर गरजला, "थांबा! कोण रे तुम्ही? कुठे निघालात?" सरदार दचकले. त्यांना खरंच काही कळलं नव्हतं, त्यामुळे वेगळा अभिनय करायची गरजच उरली नाही. त्यांनी हातवारे केले, पोटाकडे बोट दाखवलं, मग खिशातून एक सफरचंद काढून पुढे धरलं. भाच्याने ते हुंगून पाहिलं. पण आता पुढे काय बोलायचं, हे त्याला सुचेना. आणि मग, ऐका हं, त्याने दोन्ही हात आभाळाकडे करून घनगंभीर आवाजात सुरू केलं, "सतरा एके सतराऽऽ! सतरा दुणे चौतीसऽऽ! सतरा त्रिक एक्कावन्नऽऽ!"

सरदारांची गाळण उडाली. त्यांना तो भयंकर मंत्र वाटला. बाकीचे चार ऑर्क मागून "चौतीस! चौतीस!" करून नाचायला लागले. चौथीला मी वर्षानुवर्षं पाढे शिकवते, पण सतराच्या पाढ्याचा असा दरारा उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

इथवर सगळं छान झालं. पण दुपारच्या लढाईत गडबड झाली. दोन वेण्या घातलेल्या नऊ-दहा वर्षांच्या एका मुलीने भाच्याच्या बरगडीवर सरळ वार केला. मी झाडामागून स्पष्ट पाहिलं, लागला होता. भाचा पडला नाही. त्याने मान हलवली, "नाही लागलं," आणि तलवार फिरवतच राहिला. आपल्या गल्लीतली सवय! ती मुलगी भांडली नाही. तिने तलवार खाली केली, त्याच्याकडे क्षणभर पाहिलं आणि दुसऱ्या कुणाशी तरी लढायला निघून गेली. त्यानंतर त्याच्याशी कुणी लढेना. कुणी बोललं नाही, चिडवलं नाही. फक्त जो तो दुसरीकडे वळायचा.

येताना बसमध्ये भाचा खिडकीबाहेर बघत होता. मावशी म्हणून मला काही बोलावंसं वाटत होतं आणि बाई म्हणून तर फारच. पण मी तोंड आवरलं.

त्याच आठवड्यात सलग दोन दिवस पाऊस लागला. तेव्हा शेजारच्या घरात याच खेळाचा बैठा प्रकार पाहायला मिळाला. टेबलाभोवती पाच मुलं. एक जण गोष्ट सांगतो, "तुम्ही गुहेच्या तोंडाशी उभे आहात. आतून धूर येतोय. काय करणार?" बाकीच्यांनी आपापल्या पात्राच्या वतीने ठरवायचं. प्रत्येकापुढे एक कागद, त्यावर पात्राची ताकद, चपळाई, हुशारी हे सारं आकड्यांत. बेत जमला की फसला, हे फासा ठरवतो, आणि फासा तरी केवढा, वीस बाजूंचा! मुलं बेरजा-वजाबाक्या इतक्या भराभर करत होती, की मला माझ्या वर्गाचा हेवा वाटावा की कीव यावी, कळेना.

या बैठ्या खेळाचा पहिला छापील संच १९७४ साली अमेरिकेत निघाला. १९८२ मध्ये स्वीडनमध्ये 'ड्राकार ओक डेमोनेर', म्हणजे 'ड्रॅगन आणि राक्षस', हा स्वीडिश भाषेतला खेळ आला आणि तिथल्या पोरांनी तो डोक्यावर घेतला. पुढे टेबल अपुरं पडायला लागलं आणि खेळ जंगलात शिरला. १९९४ साली स्वीडनमध्ये एका खेळासाठी जंगलात चक्क तीन गावं उभी केली होती. खेळायला माणसं होती हजाराच्या आसपास! मोठी माणसं तर काय वाटेल ते खेळतात. गोथेनबर्गच्या बंदरात 'स्मोलांड' नावाची जुनी युद्धनौका संग्रहालय म्हणून उभी आहे. २०१३ मध्ये तिलाच अवकाशयान ठरवून तिच्या पोटात खेळ मांडला होता. १९९७ पासून नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क आणि फिनलंड या देशांतले खेळकरी दरवर्षी आळीपाळीने एकेका देशात संमेलन भरवतात. पहिलं ऑस्लोला झालं. आपल्याकडे साहित्य संमेलन, त्यांच्याकडे सोंगांचं संमेलन!

पालकांच्या मनात एव्हाना एक शंका आली असेल. पोरगं सोंगातच अडकून बसलं तर? ही शंका तिथल्या पालकांनाही आली होती. १९९७ साली स्वीडनमध्ये या खेळाविरुद्ध एक पुस्तकच निघालं आणि बरीच आरडाओरड झाली. पण खेळणाऱ्यांनीच आपले नियम घट्ट केले. नॉर्वेमधल्या खेळांत दोन शब्द ठरलेले आहेत, 'कुट' आणि 'ब्रेम्स'. पहिल्याचा अर्थ थांबा, दुसऱ्याचा अर्थ जरा हळू. कुणालाही भीती वाटली, खरंच लागलं, रडू आलं, की यातला शब्द उच्चारायचा. मग राजा असो की राक्षस, त्याने ऐकायचंच. सरकारचा दृष्टिकोनही समंजस आहे. डेन्मार्कमध्ये पंचवीस वर्षांखालच्या मुलांच्या मंडळांना नगरपालिका जागा आणि अनुदान देते. फुटबॉलला देते तसंच रोलेस्पिललाही.

एका शनिवारी आम्ही रेल्वेने हॉब्रोला गेलो, ऑर्हूसच्या उत्तरेला तासा-सव्वा तासावर. गावाबाहेर फिर्काट नावाचा एक हजार वर्षांपूर्वीचा व्हायकिंग किल्ला आहे. किल्ला म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे रायगड येईल, पण इथे बुरूज नाहीत, कडे नाहीत. गवताने झाकलेला मातीचा एक गोल तट, आतून १२० मीटर रुंद, कंपासने काढावा इतका अचूक. चार दिशांना चार दारं, आत सोळा लांबट घरं होती. आता फक्त त्यांच्या खुणा दिसतात. हा किल्ला राजा हॅराल्डच्या काळातला, साधारण इसवी सन ९८० चा. या राजाचं टोपणनाव 'निळ्या दाताचा', आणि त्याच्याच नावावरून तुमच्या मोबाइलमधलं ब्लूटूथ! २०२३ साली असे पाच किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. पण मला हॉब्रोला ओढून नेलं ते दुसऱ्याच गोष्टीने. इथे 'ऑस्टरस्कोव' नावाची एक निवासी शाळा आहे. २००७ मध्ये सुरू झालेली, नववी-दहावीच्या मुलांची. तिथे सगळे विषय रोलेस्पिलमधून शिकवतात.

परीक्षेचे दिवस असल्यामुळे आम्ही शाळा बाहेरूनच पाहिली. पण आमची ती खेळप्रमुख मुलगी तिथेच शिकलेली, तिने सगळं सांगितलं. समजा, आठवड्याचा विषय आहे प्राचीन रोम. मग मुलं आठवडाभर रोमन. इमारती आणि रस्ते उभारायचे तर गणित आलं, सिनेटमध्ये भाषण ठोकायचं तर इतिहास आला, आणि सरहद्दीवरच्या जर्मन टोळ्यांशी तह करायचा तर जर्मन भाषा आली! वर्षाच्या शेवटी परीक्षा मात्र सरकारी, देशातल्या बाकी सगळ्या मुलांची असते तीच. मी विचारलं, "प्रत्येक गोष्ट अशी शिकता येते?" ती हसून म्हणाली, "नाही. काही गोष्टी पाठच कराव्या लागतात." मला फार बरं वाटलं. माझ्या वर्गात बेचाळीस मुलं आहेत. बेचाळीस रोमन मला आवरणार नाहीत. पण एखादा तास? सुट्टी संपेपर्यंत मी त्यावरच विचार करत होते.

परतीच्या गाडीत भाचा अचानक म्हणाला, "मावशी, त्या दिवशी मला लागलं होतं."

"माहीत आहे," मी म्हटलं.

"तू बोलली नाहीस?"

"माझं सोंग म्हातारीचं होतं. तिला दिसत नाही नीट."

तो हसला नाही.

पुढच्या खेळाच्या रविवारी तो आधी तयार होऊन बसला. दिवसभर ऑर्क झाला, दोनदा मेला, दोन्ही वेळा जरा जास्तच तडफडून. खेळ संपला की सगळी मुलं सोंगं उतरवून गोल करून बसतात आणि काय आवडलं, काय खटकलं ते एकेक जण सांगतो. त्याची पाळी आली. तोंडावरचा हिरवा रंग घामाने ओघळला होता. तो उठून उभा राहिला, वेणीवाल्या मुलीकडे पाहिलं आणि डॅनिशमध्ये तीन शब्द बोलला. उच्चार चुकला असावा, कारण त्याला ते पुन्हा म्हणावे लागले. कुणी हसलं नाही. मी हळूच ताईला विचारलं, "काय म्हणाला गं?"

ताई डोळे पुसत म्हणाली, "'मी मेलो होतो.'"

ती मुलगी म्हणाली, "हो, मला माहितेय." मग तिने पिशवीतून एक बिस्किट काढून त्याला दिलं आणि सतरा चोक किती, ते विचारलं. तिला तेवढंच ऐकू आलं नव्हतं.

परवा ताईचा फोन होता. सतराचा मंत्र आता सगळ्या सरदारांना पाठ झालाय, त्यामुळे कुणी घाबरत नाही. भाचेबुवा सध्या एकोणीसचा घोकताहेत.