नवशिक्याचा कोयता

शिकाऊ हाताने घडवलेलं हत्यार विकावं का, असं भट्टीवर शिकायला येणारी मुलं मला विचारतात. मी म्हणतो, जरूर विकावं. पण त्यात काय उणं राहिलंय, ते आधी नीट ओळखावं.

पात्यावर हातोड्याचे वळ राहतात, पाठ सरळ येत नाही, मूठ ओबडधोबड होते. हे दोष डोळ्यांना दिसतात. गिऱ्हाईक उलटसुलट बघून भाव पाडून घेतं, आणि त्यात कुणाची फसवणूक नाही. पोटातला दोष वेगळा. महाड-पोलादपूर भागात ट्रकच्या जुन्या कमानपाट्यांचं पोलाद आम्ही वापरतो. लोहचुंबक चिकटेनासं होतं त्याच्याही थोडं वर, म्हणजे ७७० अंशांच्या पुढे तापवून ते तेलात बुडवलं की कडक होतं, तसंच ठिसूळही. मग घासून, मंद आचेवर पुन्हा तापवायचं. पात्यावर आधी वाळल्या गवताचा पिवळा रंग चढतो, नंतर जांभळा आणि ३०० अंशांच्या आसपास निळा. विळीला पिवळ्यावर थांबलं तरी चालतं. घाव सोसणाऱ्या कोयत्याला त्यापुढे न्यावं लागतं. घाईत ही पायरी गाळली तर वरून काहीच कळत नाही.

कळतं ते रानात. राबासाठी, म्हणजे भातरोपांची जागा भाजायला लागणारी, फांद्यांची कवळं तोडायला माणूस ऐनाच्या झाडावर चढतो, एका हाताने फांदी धरतो आणि दुसऱ्याने घाव घालतो. तिथे पात्याचा तुकडा उडाला किंवा पातं मुठीतून निसटलं, तर घडवणारा नवखा होता हे सांगून काय उपयोग? असं पातं फुकटसुद्धा देऊ नये. पुन्हा भट्टीत घालावं.

अमेरिकेत ब्लेडस्मिथ सोसायटीच्या पहिल्या परीक्षेत सुरी टांगता दोर एका घावात कापते, लाकूड तोडते, त्यानंतरही अंगावरचे केस भादरते आणि शेवटी न मोडता ९० अंशांत वाकते. आपली परीक्षा साधी असू द्या. वाळक्या ऐनावर जोराने घाव घाला. धार दुमडली तर पातं नरम, कपचा उडाला तर ठिसूळ. मूठ हिसडून बघा.

मग विकायचंच कशाला? बलुत्याच्या काळात लोहाराला सुगीला धान्य मिळे आणि त्याबदल्यात तो गावाची अवजारं वर्षभर शेवटून, म्हणजे ठोकून धार लावून देई. आपलं काम कुठे झिजलं, कुठे टिकलं, हे शिकणाऱ्या पोराला घरबसल्या दिसे. आज रोखीने विकलेला कोयता परत येत नाही, आणि भिंतीला टांगलेला कोयता काही शिकवत नाही.

म्हणून पोरांनो, पहिली हत्यारं ओळखीच्या घरी द्या. दिसणारा दोष सांगून, कमी भावात द्या. राबाची तोड संपली की स्वतः जाऊन धार बघा, बिघडली असेल तर पैसे न घेता नीट करून द्या. एवढी तयारी असेल तर खुशाल विका.