मॅनिफोल्डला पट्टी गुंडाळावी का?

चैत्रात शिखर शिंगणापूरच्या यात्रेला गाड्या डोंगर चढू लागल्या की माझ्या शेडपुढे तापलेल्या इंजिनांची रांग लागते. बाहेर चाळिशीचा पारा, गाडीत कोंबलेली माणसं आणि दुसऱ्या गिअरची चढण. हल्ली त्यात एका नव्या मागणीची भर पडली आहे. मोबाइलवर व्हिडिओ बघून आलेला आटपाडीकडचा एखादा पोरगा म्हणतो, "अण्णा, मॅनिफोल्डला ती सोनेरी पट्टी गुंडाळून द्या की. टर्बो लवकर उचलतो म्हणं."

पट्टी म्हणजे हीट रॅप, काचेच्या नाहीतर बेसाल्टच्या धाग्याची विणलेली. 'टायटॅनियम' म्हणून जी महाग विकतात तिच्यात तो धातू शोधायला जाऊ नये. बहुतेकदा तो बेसाल्ट वितळवून ओढलेला धागा असतो. विहीर पाडताना आपण ज्याला सुरुंग लावतो, त्याच जातीचा कातळ.

पोरगा म्हणतो ते अगदीच खोटं नाही. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांनी 1905 साली टर्बोचं पेटंट घेतलं, तेव्हापासून तत्त्व एकच आहे: वाया जाणाऱ्या धुरातली उष्णता आणि दाब वापरून चक्र फिरवायचं आणि त्या चक्राने इंजिनात हवा कोंबायची. धूर जितका गरम टर्बोपर्यंत पोचेल तितकं काम जास्त. पण किती जास्त, हे कोणी विचारत नाही. डिझेल गाडी लोडवर असताना धूर 600 ते 700 अंशांचा असतो आणि मॅनिफोल्ड असतो हातभर लांब. तेवढ्या अंतरात पट्टीने समजा 20 अंश वाचवले, तर चक्राला मिळणारी ताकद दोनेक टक्क्यांनी वाढेल. टर्बोचा दाब शेवटी कंपनीने ठरवलेल्या मर्यादेवरच अडतो. म्हणजे फार तर टर्बो किंचित आधी जागा होईल. तो फरक चालवणाऱ्याला कळतो, कारण त्याने पट्टीचे पैसे दिलेले असतात.

खरा फायदा आहे बॉनेटखाली. तापलेल्या लोखंडाचा बाहेरचा पृष्ठभाग 600 अंशांवरून 300 वर आला तर त्यातून फेकली जाणारी झळ साधारण पाचपट कमी होते. वायरिंग, रबरी पाइप आणि बॅटरी, सगळ्यांचं आयुष्य वाढतं. इंजिन आत ओढतं ती हवाही थंड राहते, आणि हवा तीन अंशांनी थंड झाली की सुमारे एक टक्का दाट होते. उन्हाळ्यात हे कामाचं आहे.

पण झळ बाहेर पडली नाही म्हणजे ती नाहीशी झाली असं नाही. ती लोखंडातच राहते. उघडा मॅनिफोल्ड सगळीकडून उष्णता फेकत असतो, म्हणून त्याचा धातू धुरापेक्षा बराच थंड राहतो. पट्टी गुंडाळली की धातू धुराच्या जवळ जाऊन बसतो. आटपाडी-विट्याकडचे गलाईवाले देशभर सोनं-चांदी गाळतात, त्यांना हे वेगळं सांगायला नको. चांदी 962 अंशांना वितळते, आणि टर्बोच्या पेट्रोल गाडीचा धूर पूर्ण लोडवर 950 च्या घरात जातो. मूस त्यासाठीच बनवलेली असते. तुमचा मॅनिफोल्ड मात्र कंपनीने उघडा राहील असं धरून ओतलेला असतो.

बिडाचा 40 सेंटिमीटरचा मॅनिफोल्ड 600 अंशांनी तापला की जवळजवळ तीन मिलिमीटर वाढतो. एका बाजूला तो पाण्याने थंड ठेवलेल्या हेडला स्टडने जखडलेला. रोज वाढायचं, रोज आक्रसायचं. मग कडेचे स्टड तुटतात, नाहीतर दोन पोर्टच्या मधे केसासारखा तडा जातो. सकाळी गार इंजिन सुरू केलं की चिट्-चिट् आवाज येतो, गाडी तापली की तडा मिटतो आणि आवाज बंद. उघड्या मॅनिफोल्डवर त्या जागी काजळीची काळी रेघ दिसते, पट्टीखाली काहीच दिसत नाही. गिऱ्हाईक "पिकअप मारत नाही" म्हणत येतं आणि चांगल्या टर्बोवर संशय घेतला जातो.

पट्टी पाणी धरते आणि खालचं लोखंड गंजतं, ही तक्रार कोकणात खरी आहे. माणदेशात पाऊसच कुठे आहे? इथली भीती वेगळी. जुन्या पिकअपच्या डिझेल रिटर्न पाइपमधून थेंब थेंब गळत असतं. ते पट्टीत मुरतं, आणि मग ती काकड्यासारखी पेटायला वेळ लागत नाही. जहाजांच्या आंतरराष्ट्रीय सुरक्षा नियमांत हे अचूक पकडलं आहे: 220 अंशांपेक्षा गरम होणारा आणि इंधन उडू शकेल असा भाग झाकायचा, पण तेल पोचण्याची शक्यता असेल तिथे ते आवरण तेल न शोषणारं हवं. आपल्या पट्टीला हा दुसरा भाग पाळता येत नाही.

शर्यतीच्या गाडीचं गणित निराळं. तिथे मॅनिफोल्ड स्टेनलेसच्या नळ्यांचा असतो आणि हंगाम संपला की बदलायची तयारी असते. त्यांनी खुशाल गुंडाळावी. पाण्याचा टँकर आणि डाळिंबाची पिकअप यांच्या मॅनिफोल्डला मी पट्टी लावत नाही. फारच हट्ट केला तर टर्बोच्या पुढच्या डाउन पाइपला लावतो, कारण तिथे स्टड नाहीत आणि वाढायला जागा आहे. तीही आधी सगळी तेलगळती बंद करून.

बहुतेक वेळा तेवढीही गरज पडत नाही. बॉनेट उघडलं की दिसतं, मॅनिफोल्डवरचा कंपनीचा पत्राच गायब आहे. आधीच्या एखाद्या कामात त्याचे बोल्ट गंजून तुटले आणि मेस्त्रीने पत्रा काढून कोपऱ्यात टाकला. हा पत्रा झळ परत फिरवतो, मधून हवा खेळू देतो, तेल पीत नाही, आणि चार बोल्ट सोडवले की खालचा तडा बघता येतो. भंगारवाल्याकडे त्या मॉडेलचा पत्रा बहुधा मिळून जातो. बोल्ट तेवढे नवीन घालायचे.