वॅट नंतर, अँटेना आधी

रिमोटवर उडणाऱ्या विमानात कॅमेरा बसवायचा म्हटलं की नवा शौकीन हमखास एकच प्रश्न विचारतो: ट्रान्समीटर किती वॅटचा घेऊ? या जुळणीत मुरलेल्या माणसाप्रमाणे मीही उलट विचारतो, अँटेना कुठे बसवणार?

हिशेब सरळ आहे. पल्ला दुप्पट करायचा तर शक्ती चौपट लागते. 25 मिलिवॅटचे 100 केले की विमानातला ट्रान्समीटर जास्त तापतो, बॅटरीही लवकर उतरते. तोच फायदा जमिनीवरच्या रिसीव्हरला 6 डेसिबल सरस अँटेना लावून मिळतो आणि विमानावर एक ग्रॅमही वाढत नाही.

बहुतेकांचं चित्र 5.8 गिगाहर्ट्झवर येतं आणि रिमोट 2.4 वर चालतो. पूर्वी लांब पल्ल्यासाठी 1.2 गिगाहर्ट्झ वापरणाऱ्यांना त्याच्या दुपटीचा त्रास व्हायचा, कारण ती थेट रिमोटच्या पट्ट्यात पडते. 5.8 वर ती अडचण नाही, तरीही व्हिडिओ ट्रान्समीटर आणि रिमोटचा रिसीव्हर एकमेकांना चिकटवू नयेत. थर्मोकोलच्या विमानात एक पंखात आणि दुसरा धडात, अशी विभागणी सोयीची पडते. कार्बन फायबरच्या दांड्यामागे अँटेना लपली, तर लहरी तिथेच अडतात.

साध्या उभ्या अँटेनाच्या लहरी मेदूवड्याच्या आकारात पसरतात, म्हणजे तिच्या टोकाच्या दिशेला जवळपास काहीच जात नाही. विमान वळताना आडवं होतं, ते टोक नेमकं उडवणाऱ्याकडे वळतं आणि चित्रात मुंग्या येतात. शिवाय आडव्या झालेल्या विमानाच्या लहरींचं ध्रुवीकरण रिसीव्हरच्या उभ्या अँटेनाशी जुळत नाही, म्हणून बहुतेक जण वर्तुळाकार ध्रुवीकरणाच्या अँटेना वापरतात. मात्र दोन्ही टोकांना एकाच हाताची हवी, दोन्ही उजव्या किंवा दोन्ही डाव्या. एक उजवी आणि एक डावी लागली, तर सिग्नल शंभर पटींहून जास्त पडू शकतो.

अँटेना न लावता ट्रान्समीटरला वीज देऊ नये. बाहेर पडायला वाट न मिळालेली शक्ती उलटी फिरते आणि आतला ॲम्प्लिफायर जळू शकतो.

थ्रॉटल वाढवताच चित्रावर आडव्या रेघा धावू लागल्या, तर दोष सहसा हवेत नसतो. मोटरच्या स्पीड कंट्रोलरचा गोंगाट वीजपुरवठ्यातून कॅमेऱ्यात शिरलेला असतो. बॅटरी आणि कॅमेरा यांच्यामध्ये एलसी फिल्टर सोल्डर केला की रेघा बऱ्याच निवळतात.

रिसीव्हर गवतात ठेवू नये. विमान 1 किलोमीटरवर असेल, तर मधोमध लहरींना सरळ रेषेभोवती सुमारे साडेतीन मीटर मोकळी जागा लागते. ट्रायपॉडवर डोक्याच्या वर चढवलेल्या रिसीव्हरने म्हणूनच फरक पडतो.

भारताच्या 2021 च्या ड्रोन नियमांत छंदाचं मॉडेल विमान नजरेच्या टप्प्यात उडवायचं आहे. चित्र दाखवणारे गॉगल्स चढवलेल्याला मात्र कॅमेऱ्यापुरतंच आकाश दिसतं, बाजूने झेपावणारी घार दिसत नाही. त्याच्या शेजारचा जोडीदार उघड्या डोळ्यांनी विमानावर नजर ठेवतो आणि “डावीकडे घार, खाली घे” असं वेळेवर सांगतो.