वगळलेली गावे

प्रवासाला निघणाऱ्या माणसापुढे पहिली अडचण पैशाची असते, दुसरी सवडीची; आणि या दोन्ही सुटल्या की तिसरी उभी राहते, ती निवडीची. पहिल्या दोन अडचणी परिस्थितीने निर्माण केलेल्या असतात. त्यांची जबाबदारी माणूस परिस्थितीवर टाकू शकतो. तिसरीचे उत्तर मात्र ज्याचे त्यालाच द्यावे लागते, आणि ते देताना तो स्वतःविषयी बरेच काही बोलून जातो. इटलीसारख्या देशाच्या बाबतीत ही अडचण अधिकच बिकट होते. तेथे थोड्याथोड्या अंतरावर टेकडीच्या माथ्यावर एखादे तटबंदीचे गाव, गावात एखादे जुने चर्च आणि चर्चच्या भिंतीवर एखाद्या थोर चित्रकाराचा हात, अशी स्थिती आहे. रेल्वेने जाणाऱ्याची निम्मी निवड रेल्वेच करून टाकते. मोटारीने जाणाऱ्याला ती सवलत नाही. रस्ता सगळीकडे जातो. म्हणून प्रत्येक गाव वगळण्याचे उत्तरदायित्व त्याच्यावरच येते.

सातारच्या एका निवृत्त इतिहास-प्राध्यापकांच्या घरी काही आठवडे या उत्तरदायित्वाचा खल चालला होता. मुलगी म्युनिकला नोकरी करते. सप्टेंबरात आईवडिलांना बोलवावे, स्वतःच्या मोटारीने ब्रेनरच्या खिंडीतून इटलीत उतरावे आणि अकरा दिवसांनी परत यावे, असा तिचा बेत होता. रोम प्राध्यापकांनी पूर्वी एका परिसंवादाच्या निमित्ताने पाहिले होते. ते वगळण्यास हरकत नव्हती. तरीही त्यांच्या पहिल्या यादीत अकरा गावे आली: वेरोना, व्हेनिस, रावेन्ना, फ्लोरेन्स, पिसा, लुक्का, सान जिमिन्यानो, सिएना, अरेत्सो, असिसी, ओर्व्हिएतो. अकरा दिवस आणि अकरा गावे हा हिशेब कागदावर फार नीटनेटका दिसत होता. मुलीने तो दूरध्वनीवरच मोडून काढला.

‘‘बाबा, रोज सामान बांधायचं, रोज सोडायचं, हे तुमच्या गुडघ्याला झेपणार नाही. आणि गाडी गावात नेता येत नाही तिथं.’’

ते खरेच आहे. इटलीतील बहुतेक ऐतिहासिक शहरांचा गाभा बाहेरच्या वाहनांना मर्यादित आहे. प्रवेशाच्या रस्त्यावर कॅमेरे असतात. नकळत आत शिरलेल्या मोटारीच्या क्रमांकाची नोंद होते आणि दंडाचा कागद कित्येक महिन्यांनी, प्रवासाची छायाचित्रेही जुनी झाल्यावर, घरी येऊन पडतो. व्हेनिसमध्ये तर मोटार शहराच्या उंबऱ्यावरच सोडावी लागते. डोंगरी गावांत तटाखाली वाहन उभे करून चढ चढावा लागतो. म्हणजे मोटार सर्वत्र नेते खरी. पण पोहोचवते ती वेशीपर्यंत. पुढचे अंतर ज्याचे त्याने चालायचे. मुलीने नियम घालून दिला: मुक्काम चारच, प्रत्येक मुक्कामी निदान दोन रात्री, आणि अधूनमधून जमेल तेवढेच.

प्राध्यापकांनी आधार शोधला तो गटेचा. 1786 च्या सप्टेंबरात तो जर्मन कवी याच ब्रेनरच्या खिंडीतून इटलीत उतरला होता. त्याची निवड पाहिली तर आजचा कोणीही प्रवासी चकित होईल. रोमच्या ओढीने तो इतका उतावीळ झाला होता की फ्लोरेन्समध्ये जाताना त्याने जेमतेम तीन तास काढले. असिसीला तो थांबला. पण संत फ्रान्सिसच्या समाधीवरच्या भव्य वास्तूकडे पाठ फिरवून तो मिनर्व्हा देवीचे प्राचीन रोमन मंदिर पाहायला गेला. आज ज्या भित्तिचित्रांसाठी जगभरातून लोक असिसीला येतात, ती त्याने पाहिलीच नाहीत. गटेला दृष्टी नव्हती असे कोण म्हणेल? परंतु दृष्टी जितकी निश्चित, तितके तिच्या कक्षेबाहेर राहणारे अधिक. प्राचीनांचा शोध घेणाऱ्या गटेला मध्ययुग हा मधला अडथळा वाटत होता. त्याच्या प्रवासातील गाळलेल्या जागा वाचल्या की त्याची अभिरुची जितकी कळते, तितकी त्याने केलेल्या वर्णनांतूनही कळत नाही.

जुन्या यात्रेकरूला हा ताप नव्हता. आळंदीहून निघालेल्या पालखीचे मुक्काम ठरलेले असतात. सासवड वगळावे की जेजुरी, असा प्रश्न वारकऱ्याला पडत नाही. युरोपातही तसेच होते. इंग्लंडमधील कँटरबरीचा आर्चबिशप सिगेरिक दहाव्या शतकाच्या अखेरीस रोमला जाऊन आला. त्याच्या परतीच्या मुक्कामांची यादी आजही उपलब्ध आहे. तीत सिएना आहे, सान जिमिन्यानो आहे, लुक्का आहे. या वाटेवरच्या रहदारीने सान जिमिन्यानो संपन्न झाले आणि तेथील धनिकांनी एकमेकांवर कुरघोडी करीत उंच मनोरे बांधले. पुढे 1348 च्या प्लेगने गावाची दैना केली; काही वर्षांतच ते फ्लोरेन्सच्या सत्तेखाली गेले, आणि वाटेचे महत्त्वही ओसरले. जुने पाडून नवे बांधावे इतका पैसा गावापाशी उरला नाही, म्हणून त्यांतले चौदा मनोरे आजही उभे आहेत. एका यादीत असल्यामुळे जे गाव वाढले, तेच यादीतून गळल्यामुळे टिकले. इतिहासाच्या अभ्यासकाला असे विरोधाभास आवडतात. आणि पत्नीला हे सांगताना प्राध्यापकांच्या आवाजात त्यांच्या वर्गातील जुना उत्साह आला होता.

मग काटछाट सुरू झाली. पिसा प्रथम गेले. एका कललेल्या मनोऱ्यासाठी अर्धा दिवस नको, असे ठरले. लुक्का गेले, ओर्व्हिएतो गेले. व्हेनिस मोटारीच्या प्रवासात बसत नाही म्हणून गेले. सिएना राहणारच होते. तेथील नगरसभेच्या वास्तूत अम्ब्रोजो लोरेन्झेत्तीने 1338-39 मध्ये सुशासन आणि दुःशासन यांचे परिणाम दाखवणारी भित्तिचित्रे रंगवली. मध्ययुगीन नगरराज्ये शिकवताना तीस वर्षे प्राध्यापक त्या चित्रांच्या फिकट छापील प्रती विद्यार्थ्यांपुढे धरत आले होते: वेशीतून बाहेर पडणारे घोडेस्वार, ओझी लादलेली गाढवे, छपरावर काम करणारे गवंडी, एकीकडे नांगरलेली शेते. ती भिंत एकदा डोळ्यांनी पाहावी, ही त्यांची जुनी इच्छा होती. शेवटी फ्लोरेन्स आणि सिएना यांच्या शेजारी अरेत्सो जड वाटू लागले. पिएरो देल्ला फ्रांचेस्काची चित्रमालिका तेथे आहे खरी. पण एका चित्रकारासाठी वेगळा मुक्काम कशाला? त्यांनी अरेत्सोवर रेघ मारली. पत्नी शेजारी भाजी निवडत बसल्या होत्या. त्यांनी रेघेकडे पाहिले आणि पुन्हा भाजी निवडू लागल्या.

रात्री जेवणे आटोपल्यावर त्या म्हणाल्या, ‘‘अहो, त्या अरेत्सोचं नाव तुम्ही खोडलंत.’’

‘‘हो. का?’’

‘‘काही नाही. थोरले काका तिथं आहेत.’’

प्राध्यापकांना प्रथम संदर्भच लागला नाही. त्यांचे थोरले चुलते मराठा पलटणीत होते आणि 1944 च्या जुलैत इटलीत पडले. तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते आणि पत्नीचे वडील बारा. आजीला शेवटपर्यंत एवढेच ठाऊक होते की मुलगा ‘इटालीला’ राहिला. कागदपत्रे वडिलांनी सांभाळली. अरेत्सोच्या युद्ध-स्मशानभूमीत हिंदी सैनिकांसाठी एक स्वतंत्र दहनस्मारक आहे. ज्यांच्यावर धर्माप्रमाणे अग्निसंस्कार झाला, त्यांची नावे तेथे कोरलेली आहेत. त्यांत काकांचेही आहे. म्हातारपणी वडील मुलीला एकदा म्हणाले होते, तिकडे कधी कुणी गेलंच तर नाव बघून या.

‘‘तू हे कधी बोलली नाहीस!’’ प्राध्यापक म्हणाले.

‘‘बोलले होते. लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत. तुम्ही गावाचं नावसुद्धा लिहून घेतलं होतं.’’

या वाक्यात तक्रारीचा सूर नव्हता. म्हणूनच ते अधिक लागले. आयुष्यभर इतरांच्या लढायांच्या सनावळ्या मुखोद्गत ठेवणाऱ्या माणसाला आपल्याच घरातील एका लढाईचे गाव आठवले नव्हते. कागदावरची रेघ त्यांनी अज्ञानाने मारली नव्हती. विस्मरणाने मारली होती. अज्ञान क्षम्य असते. विस्मरणामागे मात्र कोठेतरी एक निर्णय असतो, तो आपणच घेतलेला असतो, आणि तो घेतल्याचेही आपण विसरलेले असतो.

दुसऱ्या दिवशी नकाशा पुन्हा पसरला गेला. पण आता तोच नकाशा वेगळा दिसू लागला. अरेत्सोपासून पूर्वेला गेले की मोन्तेर्की लागते आणि पुढे सानसेपोल्क्रो, पिएरोचे जन्मगाव. तेथून टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यातून दक्षिणेला उतरले की मोन्तोने. कलेच्या अभ्यासकांना या वाटेचा पहिला भाग पिएरोची वाट म्हणून परिचित आहे. 1944 च्या उन्हाळ्यात याच खोऱ्यातून दहावी हिंदी डिव्हिजन उत्तरेकडे सरकत होती आणि तीत मराठा पलटणही होती. 10 जुलै रोजी नाईक यशवंत घाडगे यांची तुकडी मशिनगनच्या माऱ्यात सापडली. त्यांच्याखेरीज सारे मारले गेले वा जखमी झाले. ते एकटे त्या मशिनगनवर धावून गेले, ती निकामी केली, आणि त्यानंतर शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्यांनी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगाव तालुक्यातील या बावीस वर्षांच्या जवानाची ज्ञात समाधी कोठेही नाही; नाव आहे ते कॅसिनोच्या स्मारकावर. मोन्तोनेच्या लोकांनी 2023 मध्ये त्यांच्या स्मरणार्थ गावात एक सूर्यघड्याळ उभारले.

त्याच वर्षी सानसेपोल्क्रोही वाचले, आणि तेही एका प्रवाशाच्या निवडीमुळे. आल्डस हक्स्ले याने 1925 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासलेखांच्या पुस्तकात या आडबाजूच्या गावातील पिएरोच्या ‘पुनरुत्थान’ या भित्तिचित्राला जगातील सर्वोत्तम चित्र म्हटले होते. गावावर तोफा डागण्याचा हुकूम असलेल्या टोनी क्लार्क या ब्रिटिश अधिकाऱ्याला ऐन वेळी तो लेख आठवला, आणि त्याने मारा थांबवला. जर्मन सैन्य तोवर गाव सोडून गेले होते. चित्र राहिले, गाव राहिले. एखादे गाव आपल्या यादीत असावे की नसावे, याला प्रवासापुरतेच महत्त्व असते असे मानणाऱ्याने ही हकीकत विसरू नये. कोणी तरी तेथे आवर्जून गेला होता, आणि गेल्याचे त्याने लिहून ठेवले होते. एवढ्याने पुढे माणसे वाचली.

पण या हकीकतीला दुसरी बाजूही आहे, आणि प्राध्यापकांच्या मनात तीच घोळत राहिली. क्लार्कला आठवायला एक लेख होता. त्या खोऱ्यात चढाई करणाऱ्या सातारा-कुलाब्याच्या पोरांना पिएरोचे नावही ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्यांनी ती गावे निवडली नव्हती. गावांनीही त्यांना बोलावले नव्हते. त्यांच्या वाटेची यादी दुसऱ्याच कोणी, दुसऱ्याच नकाशावर केली होती. ज्या गावांत जाण्यासाठी आज माणूस आठवडेच्या आठवडे विचार करतो, त्याच गावांच्या वेशीबाहेर ती पोरे विचारण्याची मुभा नसताना पोहोचली आणि तेथेच राहिली. प्रेक्षणीय काय, हा प्रश्न त्यांच्या संदर्भात अपुरा ठरतो. तेथे प्रश्न असतो तो देण्याचा.

नवी यादी झाली तेव्हा तीत चार मुक्काम होते: जाताना वेरोना, मग फ्लोरेन्स, मग अरेत्सो, आणि सानसेपोल्क्रोवरून डोंगर ओलांडणाऱ्या रस्त्याने परतताना रावेन्ना. अरेत्सोला तीन रात्री. एक दिवस स्मारकासाठी राखलेला आणि एक मोन्तोनेसाठी. असिसी आणि सान जिमिन्यानो गेली. सिएनाही गेले.

मुलीला ते पटेना. ‘‘बाबा, अरेत्सोहून सिएना सव्वा तासावर आहे. दुपारी जाऊन येऊ की.’’

‘‘जाऊन येणं म्हणजे पाहणं नव्हे,’’ प्राध्यापक म्हणाले. ‘‘गटेनं फ्लोरेन्सचं केलं ते मला सिएनाचं करायचं नाही. आणि तुझ्या आईला स्मारकापाशी घड्याळ बघायला लागू नये.’’

त्यांच्या वयाला पुढच्या खेपेची आशा धरवत नाही, हे त्यांनाही ठाऊक होते. तीस वर्षे छापील प्रतीतून शिकवलेली ती भिंत आता प्रतीतूनच राहणार. प्रत्येक निवडीत असा एक भाग असतो, की जो निवडणाऱ्यालाच भरावा लागतो; तो भरल्याशिवाय झालेली निवड ही केवळ सोय असते. त्यांनी सिएनाचे नाव खोडले नाही. शिसपेन्सिलीने त्याभोवती कंस मात्र घातला.

यादीची स्वच्छ प्रत पत्नीने करून घेतली. अरेत्सोपुढे त्यांनी थोरल्या काकांचे नाव, वडिलांचे नाव आणि गाव लिहिले. कोरलेल्या नावांत शोधताना गोंधळ नको म्हणून. मग त्यांनी मुलीला विचारले, त्या स्मारकापाशी सावली असते का, की सप्टेंबरातही ऊन लागेल. मुलगी म्हणाली, ‘‘छत्री आण, आई.’’ सामानाच्या यादीत त्यांनी पहिली नोंद केली ती छत्रीची.