पहिली फटफटी

एकत्र कुटुंबांत कोणतीहि मोठी वस्तु घ्यावयाची झाली, म्हणजे ती वापरणार कोण हा प्रश्न बहुधा सर्वांत शेवटीं निघतो. कपाट किंवा घड्याळ घेतांना ह्या रीतीनें फारसें बिघडत नाहीं. फटफटी घेतांना मात्र बिघडतें. कारण येथें निवड चुकली, तर ती वस्तु माणसाला घेऊनच रस्त्यावर आडवी होते.

आमच्या पुतणीची नेमणूक गडचिरोली जिल्ह्यांत, आलापल्लीच्या पुढें भामरागडच्या वाटेवरील एका आरोग्य केंद्रावर झाली, तेव्हां चंद्रपूरच्या आमच्या घरांत हा प्रश्न उभा राहिला. तिची उंची चार फूट अकरा इंच, आणि सायकलीपलीकडे कोणतेंहि वाहन तिनें चालविलेलें नव्हतें. दादांचें, म्हणजे तिच्या वडिलांचें, म्हणणें पडलें कीं बदलीच करून घ्यावी. आमचे धाकटे बंधु म्हणाले, जंगलांत जावयाचें तर बुलेटसारखी भारदस्त गाडीच हवी. मातोश्रींचा निकाल असा कीं, बुटक्या पोरीनें स्कूटर घ्यावी व गप्प बसावें. सर्वांचें ऐकून घेऊन मुलगी एवढेंच म्हणाली, "उपकेंद्रावर अडलेली बाई आल्याचा निरोप येतो, तेव्हां मला दुसऱ्याच्या गाडीची वाट पाहत बसावें लागतें. तेवढें टळलें पाहिजे." बदलीचा विषय तेथेंच संपला.

मातोश्रींचा पक्ष अगदींच दुबळा नव्हता. स्कूटरवर टांग टाकून चढावें लागत नाहीं, गिअर बदलावे लागत नाहींत, आणि शहरांत तिच्यासारखें सोयीचें वाहन नाहीं. परंतु तिचीं चाकें बहुधा दहा-बारा इंचांचीं, तर फटफटीचीं सतरा-अठरा इंचांचीं. जो खड्डा मोठें चाक ओलांडून जातें, त्यांत लहान चाक उतरतें. पर्लकोटेच्या पुरानें भामरागडचा संबंध आजवर कित्येक पावसाळ्यांत तुटला आहे. असा पूर ओसरल्यावर रपट्यांवर जो चिखल व जे गोटे उरतात, त्यांवरून जाणाऱ्याला मोठें चाकच बरें.

राहिला बुलेटचा पक्ष. ठेंगण्या माणसासाठीं गाडी पाहावयास निघालेले लोक आसनाची उंची विचारतात व तेथेंच थांबतात. आम्हीं आंकडे ताडून पाहिले. हीरोच्या स्प्लेंडर प्लसचें आसन जमिनीपासून ७८५ मिलिमीटर, आणि रॉयल एन्फील्डच्या हंटर ३५० चें ७९०. अंतर पांच मिलिमीटरांचें, म्हणजे तांदळाच्या एका दाण्याएवढें! पण पहिलीचें वजन सुमारें ११२ किलो व दुसरीचें १८१. त्याच कंपनीच्या मीटिऑर ३५० चें आसन तर ७६५, म्हणजे स्प्लेंडरहूनहि खालीं. तिचें वजन मात्र १९१ किलोंच्या घरांत. आसन ठेंगणें म्हणून गाडी सोपी, हा समज ह्या आंकड्यांपुढें टिकत नाहीं.

गाडी चालूं असतां सर्वच स्वार सारख्या उंचीचे असतात; उंचीची आठवण होते ती थांबतांना. आणि आमच्या जिल्ह्यांत थांबावें लागतें तें अडचणीच्या जागीं. आपल्याकडे रस्त्याच्या डाव्या बाजूनें चालावयाचें. पाणी वाहून जावें म्हणून रस्ता मध्यें उंच व कडेला उतरता ठेवलेला असतो; म्हणजे जो डावा पाय टेकावयाचा, त्याच्याच बाजूची जमीन खालीं गेलेली. एटापल्ली-आलापल्लीकडे लोहखनिजाच्या मालमोटारी मागून आल्या कीं नवशिक्याला कडेला होऊन उभें राहावें लागतें, आणि डांबर संपून मुरूम लागला कीं जमीन आणखी इंच-दोन इंच खचते. अशा वेळीं पाय अधांतरीं राहून गाडी कलली, तर ११२ किलो सांवरतां येतील. १९५ किलोंची बुलेट सांवरणें नवशिक्या हातांचें काम नव्हे. चंद्रपूर-मूल रस्त्यासारखा रस्ता जंगलांतून जातो. तेथें वाघ पुढें दिसला, तर दुरूनच थांबावें आणि वेळ पडल्यास जागच्या जागीं गाडी फिरवावी, हेंच शहाणपण. तेथेंहि परीक्षा होते ती वजनाची.

म्हणून मुलीला आम्हीं प्रथम भिंतीशीं उभें केलें. नेहमीचे बूट घालून, दोन्ही पायांच्या मध्यें जाड पुठ्ठ्याचें पुस्तक वर घट्ट धरावयाचें व त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत माप घ्यावयाचें. हें पायाचें माप. गाडीला गांठ पडते ती ह्याच्याशीं, एकंदर उंचीशीं नव्हे. आसन अरुंद असेल तर पाय सरळ खालीं येतात, रुंद असेल तर तेंच माप मांड्यांच्या फांकण्यांत खर्ची पडतें. दोन्ही टांचा टेकल्याच पाहिजेत असेंहि नाहीं. किंचित् डावीकडे सरकून डाव्या पायाचा चवडा भक्कम टेकला व उजवा ब्रेकवर राहिला, म्हणजे काम भागतें. मात्र पाय कोठें पडणार तें थांबण्यापूर्वीं पाहून ठेवण्याची संवय हवी.

दुकानांतील गुळगुळीत फरशीवर ह्यांतलें कांहींच कळत नाहीं. ओळखीच्या एका गृहस्थांनीं आपली जुनी स्प्लेंडर अंगणांत आणून दिली व इंजिन बंद ठेवून मुलीनें तीन गोष्टी करून पाहिल्या: गाडी मधल्या स्टँडवर चढविणें, उतारावरून मागें ढकलीत नेणें, आणि गवतावर आडवी केलेली गाडी उभी करणें. तिसरी गोष्ट दुसऱ्या खेपेस साधली. धाकट्या बंधूंच्या एका मित्राची बुलेट मात्र तिच्यानें जागची हलली नाहीं. त्यावर बंधूंनीं बुलेट खालीं उतरवून घेण्याची तोड सुचविली. स्पंज कापला तर आसन कठीण होतें. शॉक-अब्सॉर्बर खालीं घेतले तर गाडीचें पोट जमिनीला टेंकूं लागतें. वजन तर दोन्हींनीं एक गुंजहि कमी होत नाहीं.

शिकाऊ परवाना काढल्यापासून पक्क्या परवान्याच्या परीक्षेपर्यंत निदान तीस दिवस जावे लागतात. ते दिवस तिनें त्याच जुन्या गाडीवर, मोकळ्या मैदानांत, क्लच अलगद सोडण्यांत व थांबून पुन्हां निघण्यांत घालविले. वेगाचें शिक्षण मागाहून आपोआप येतें. थांबण्याचें मात्र मुद्दाम घ्यावें लागतें.

शेवटीं तिनें स्वतःच्या पगारांतून स्प्लेंडरच घेतली. बंधूंना ती फार साधी वाटली. मातोश्रींनीं हळदकुंकू वाहून हेल्मेटचे पैसे दिले. ज्या घरांत असा प्रश्न निघेल, तेथील वडील मंडळींना आमचें सांगणें इतकेंच कीं, गाडीवर बसलेलें मूल कसें दिसेल हें पाहूं नये. तें कोठें कोठें थांबणार आहे, तेथें जमीन कशी आहे, आणि पडलेली गाडी तें एकट्यानें उचलूं शकेल कीं नाहीं, एवढें विचारावें व उत्तर त्याच्याच तोंडून ऐकावें. आमची पुतणी निरोप आला कीं आतां आपली आपण निघते. दादा अजूनहि रात्रीं तिच्या फोनची वाट पाहत जागे असतात. त्यावर मात्र कोणत्याहि कंपनीची गाडी हा उपाय नव्हे.